दादाच्या छातीतलं पाणी

मंगळवार, आष्टी

आज दादाची फाईल आणायला दवाखान्यात गेलो. त्याचं डावं फुफ्फुस काढलं होतं, त्या जागेत नंतर काय होतं, असं विचारलं. डॉक्टर म्हणाले, "आधी हवा, मग हळूहळू पाणी भरतं."

पाणीच! दादा म्हणायचा, "आत डचमळतंय बे." मी साखर कारखान्याचा केमिस्ट. "भास हाय," म्हणून गप्प केलं त्याला. लॅबमधल्या कोळशातली बारीक पोकळी उसाच्या रसातला रंग धरून ठेवते, हिमनदीच्या बर्फाखालची पोकळी बर्फाच्याच भाराने मिटते, हे वाचलेलं. माणसाच्या आतल्या पोकळीचं कधी विचारलंच नाही.

वहिनींना सांगितलं. "भाऊजी, आपली इहीर कोरडी अन् ह्यांच्यात पानी व्हतं व्हय!" दादा गेल्यापासून आज पहिल्यांदा हसल्या.

डचमळतंय म्हणाला तेव्हा छातीला कान लावायला हवा होता.