उपाशीपोटी

६ जानेवारी १९९७, सुरत

आज नोकरीवर रुजू झाले. मुलांच्या ऑपरेशनचा खाजगी दवाखाना, दुमजली, भिंतींना अजून नव्या रंगाचा वास. इथे सगळे मला गायत्रीबेन म्हणतात. आजवर कुणी बेन म्हटलं नव्हतं, म्हणून पहिल्या हाकेला मी ओ दिलीच नाही. आया कलाबाई हसली. म्हणाली, ताई, जन्म सुरतेत गेला आणि बेन व्हायला एवढा उशीर?

आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिली. आप्पा पांडेसऱ्याला कापड रंगवण्याच्या कारखान्यात आहेत. सकाळी सायकलवर मागे बसवून त्यांनीच आणून सोडलं आणि वॉचमन भाईदासने काही विचारलेलं नसताना त्याला सांगितलं की ही माझी मुलगी, इथे नोकरीला आहे. मला लाज वाटली आणि बरंही वाटलं.

माझं काम म्हणजे एक खोली. ऑपरेशनच्या आधी मूल आणि त्याची आई तिथे बसतात. मुलाला गुंगीचं गोड औषध पाजायचं, डोळे जड होईपर्यंत थांबायचं आणि आतल्या दारातून कलाबाईच्या हाती द्यायचं. भिंतीवर पोपट आणि हत्ती रंगवले आहेत. हत्तीला चुकून एक पाय जास्त झाला आहे. मुलांना तोच फार आवडतो.

मूल आदल्या रात्रीपासून उपाशी हवं. पोटात काही असलं तर भुलेत उलटी होते आणि श्वासनळीत जाते. हे आईबापांना समजावणं माझ्याकडेच आहे. माझ्या आईने हे ऐकलं आणि कपाळाला हात लावला. आमच्याकडे परीक्षेला निघालेल्या पोरालाही तोंडात काही घातल्याशिवाय उंबरा ओलांडू देत नाहीत. आज सकाळीही ती दह्याची वाटी घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत माझ्या मागे आली.

९ जानेवारी

एवढ्यात एक गोष्ट शिकले. मूल सुईला नाही, आईच्या चेहऱ्याला घाबरतं. बाप धमकावतात, आया खोटं बोलतात. कुणी सांगते डॉक्टरकाका आइसक्रीम देणार, कुणी सांगते आपण हत्ती बघायला आलोय. मूल हत्ती बघतं, मग आईचा चेहरा बघतं आणि किंकाळी फोडतं.

मी खरं सांगते. औषध गोड आहे, मग झोप येईल, उठल्यावर दुखेल, आई इथेच असेल. आज एका चिमुरडीने विचारलं, खूप दुखेल का थोडं? मी म्हटलं, मध्यम. तिने नीट विचार केला आणि औषध प्यायली.

दादाच्या मुलीचं, मयुरीचं ऑपरेशनही इथेच ठरलं. सहा वर्षांची आहे. तिचा उजवा हात स्टोव्हवर भाजला होता. बोटं तळव्याला चिकटली, मूठ उघडत नाही. शाळेतल्या बाई म्हणाल्या, ही पाटीवर लिहिणार कशी? मुंबईचे सर्जन चोवीस तारखेला येतील, तेव्हा करतील. मग त्या बाईंना मयुरीची पाटी नेऊन दाखवणार आहे.

१३ जानेवारी

पलसाण्याहून बन्सीलाल आणि अनुसया मुलाला घेऊन आले होते. हर्नियाचं साधं ऑपरेशन. मी तीनतीनदा विचारलं. अनुसयेने सांगितलं, काल रात्रीपासून पाण्याचा थेंब नाही, तो रडला तेव्हा मीसुद्धा त्याच्याबरोबर उपाशी राहिले.

औषध पाजल्यावर मुलाला उलटी झाली. दूध आणि भाकरी.

नशीब की अजून आत नेलं नव्हतं. डॉक्टर सगळ्यांसमोर अनुसयेवर ओरडले. तुम लोग कभी सुधरोगे नहीं. ती मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेत होती. मुलाला विचारलं तर म्हणाला, मायने दिलं. बन्सीलाल तिला मारायला धावला. मी मध्ये उभी राहिले आणि डॉक्टरांना म्हटलं, बाई खोटं बोलत नाही. मी खोलीतच होते, हिच्याजवळ पिशवीसुद्धा नव्हती. डॉक्टर म्हणाले, मग भाकरी काय हत्तीने दिली?

अनुसयेच्या बोटांना ओल्या भाकरीचे कण होते. ती बोटांकडे अशी बघत होती, जणू ती दुसऱ्याच कुणाची असावीत.

१७ जानेवारी

आज मी डोळ्यांनी पाहिलं. शांतपणे लिहायचा प्रयत्न करते.

मंगलाबाई जालन्याकडची, नवरा बांधकामावर. तिचा मुलगा मांडीवर पेंगत होता. मी समोरच बसले होते. ती दाराकडे बघत होती, चेहरा नुसता काळजीचा. आणि तिचा उजवा हात वेगळंच काही करत होता. मांडीशेजारी रिकाम्या जागेत तो भाकरी मोडत होता. कुस्करत होता. बोटं कशात तरी बुडवून मुलाच्या तोंडाशी नेत होता. तिला त्याची खबर नव्हती. मग तिचे ओठ हलले, अगदी लाडाने. "खाई ले रे बाळ, खाई ले."

ही आमची खान्देशातली अहिराणी. जालन्याच्या बाईला कुठून येणार?

मी ओरडून तिचा हात धरला. बर्फासारखा गार. मुलाने गिळलं होतं. मी आतलं दार बडवत सांगितलं की याला नेऊ नका, याने खाल्लंय. भुलेच्या डॉक्टरांनी येऊन तोंड उघडून पाहिलं. काही नव्हतं. मुलाला नेलं.

उलटी आत झाली. मोठ्या दवाखान्यात हलवलं आहे.

१८ जानेवारी

मंगलाबाईचा मुलगा पहाटे गेला.

दवाखान्यात सगळे म्हणतात आईने भरवलं. मी म्हणते नाही. डॉक्टरांनी बोलावून सांगितलं की नोकरी हवी असेल तर असलं बोलायचं नाही. मी म्हटलं, बोलणार.

दुपारी कलाबाईने धुण्याच्या खोलीत नेलं आणि दार ओढून घेतलं. बारडोलीच्या कारखान्याला ऊस तोडायला आपल्या खान्देशातली टोळी येते, त्यातली एक बाई होती. गेल्या हंगामात मुलाला घेऊन आली. सकाळचा नंबर दुपारवर गेला, दुपारचा संध्याकाळवर. मूल भाकरी मागत राहिलं. तिच्या पदरात भाकरी होती. सांगितलं होतं म्हणून तिने दिली नाही. मूल टेबलावरून परत आलं नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय कमजोर होतं. ती एकच म्हणत राहिली, उपाशी गेलं माझं लेकरू. त्यानंतर ती बारडोलीला पोचलीच नाही, वाटेतच गेली.

कलाबाई म्हणाली, तेव्हापासून रिकामा हात सापडला की ती या खोलीत कुणाला उपाशी जाऊ देत नाही. तिला स्वतःचे हात उरले नाहीत ना. जी आई असेल तिचे घेते.

मी विचारलं, हे आधी का नाही सांगितलंस? ती म्हणाली, सांगून काय, ताई? माझं ऐकतं कोण?

२१ जानेवारी

जेवणाच्या सुट्टीत रिकाम्या खोलीत जाऊन बसले. भर दुपार, बाहेर उतराणचे, म्हणजे आपल्या संक्रांतीचे, फाटके पतंग तारांवर. मोठ्याने बोलले. म्हटलं, तुला इथे ताटकळत ठेवलं हे पाप झालं, आणि ते मी या लोकांना तोंडावर सांगेन. पण मंगलाबाईने तुझं काय वाकडं केलं होतं?

खोलीत ताज्या दुधाचा वास सुटला. मला वाटलं बाहेरून येतोय.

माझ्याच तळहातातून येत होता.

२३ जानेवारी

डॉक्टरांना सगळं स्पष्ट सांगितलं. मयुरीला दुसऱ्या खोलीत बसवा म्हटलं. ते हसले. दुसरी खोली नाही. भीती वाटत असेल तर पुढच्या वर्षी करा. सर्जनांनी तर बजावलंय की पुढच्या वर्षापर्यंत बोटांचे सांधे कायमचे धरतील.

घरी सांगितलं. सुषमा वहिनी रडत म्हणाली, राहू द्या, मुठीनेच जगेल पोर.

का जगेल? कुणाच्या चुकीची मूठ आमच्या पोरीने आयुष्यभर का वागवायची? मी म्हटलं, ऑपरेशन होणार. वहिनी, तू बाहेर थांबायचं. आत मी बसेन. मला ठाऊक आहे ती कशी येते. तुला नाही.

आईने विचारलं, आणि तुझा हात धरला तर?

म्हटलं, बघू कोण कुणाचा धरतं.

२४ जानेवारी, सकाळ

खोलीत आम्ही दोघीच. मयुरी मांडीवर. वही बाकाच्या हातावर. मयुरीला सगळं खरं सांगितलं, नेहमीसारखं. आत्याचा हात वाईट वागू शकतो. काही दिलं तर तोंड उघडायचं नाही. तिने विचारलं, आणि तरी दिलं तर? मी म्हटलं, चाव. जोरात? जोरात. ती खूश झाली.

कलाबाई औषध पाजून गेली. जाताना माझा डावा हात बाकाला पट्टीने बांधला—

गाठ सुटली आहे. मी सोडली नाही. बोटांना दूध—

पुसलं. मयुरीने पाहिलं नाही.

बांधून उपयोग नाही. रिकामा हात तिचा. कामातला हात माझा. म्हणून लिहिते आहे. डावा हात मयुरीने आपल्या चांगल्या हाताने घट्ट धरलाय. उजव्यात पेन. हा लिहितो आहे तोवर घास मोडणार नाही. काय लिहिते याला अर्थ नाही. पोपट. हत्ती. पांडेसरा. मयुरी योगराज, इयत्ता पहिली—

तिचे डोळे जड होतायत.

पकड सैल होतेय. हे लक्षातच आलं नव्हतं. झोपली की हात सोडणार—

सोडला.

डावा हात उठला. मी त्याच्यावर बसले. खरंच बसले आहे. ये आता.

उजवा गार पडतोय. मनगटापर्यंत. अक्षर बघ कसं येतंय— खाई ले खाई ले— हे मी लिहिलेलं नाही. हे मी नाही.

ऐक बाई. तुझं लेकरू उपाशी गेलं. चूक त्यांची होती. मी विसरणार नाही, त्यांनाही विसरू देणार नाही. पण ही उपाशीच जाणार. आणि परत येणार. उठली की मी भरवीन. मी. तू नाही—

हात ऊब धरतोय. बघ. माझा आहे—

आतलं दार उघडलं. कलाबाई. हात पुढे केले. चल ताई, दे पोरीला—

कलाबाईच्या बोटांवरून दूध ठिबकतंय. तिला माहीत नाही. ती माझ्याकडे बघून हसतेय आणि एक हात मयुरीच्या तोंडाकडे—

हाक मारली, ऐकत नाही—

अडवायला हात हवेत. दोन्ही. लिहीत बसले तर तिचे हात भरवणार. थांबले तर कदाचित माझेच—

नाही. माझे हात माझे आहेत. बारावीला लिहिलेले, आईचं दही चाटलेले, माझे. बाई, ये. हे बघ, मी पेन टाक