करवतीचे दात

शहापूर, बेळगाव
बुधवार, ७ फेब्रुवारी २०२४

चि. पूर्णिमास,

तुझ्या सासऱ्याचा, तू म्हणतेस त्या मामाचा आशीर्वाद. नावाआधी 'सौ.' लिहावं की नाही ते कळेना, म्हणून लिहिलेलं नाही. पत्राला फार उशीर झाला, त्याचा राग मानू नकोस. सध्या रागवायची पाळी माझी आहे. फोन केला असता, पण फोनवर तुझा आवाज आला की मी 'जेवलीस का' एवढंच विचारून ठेवून देतो, आणि मला तर भांडायचं आहे. चौथीपर्यंतच्या शाळेनं जेवढं भांडता येतं तेवढं कागदावर भांडतो.

तब्येत बरी आहे. गुडघा उठू देत नाही. नळाला पाणी कधी येईल त्याची धास्ती असते, म्हणून झोप नाही. शेजारची मंगल भाकरी देते. पोरगा विक्रम गोव्याला फरशीच्या दुकानात आहे, संक्रांतीला येतो म्हणाला होता, आला नाही. त्यानं माग भंगारात काढायचा हट्ट धरला आणि तू पेटी उचलून निपाणीला निघालीस, त्या दिवशी मी सुताच्या कांड्या भरत बसलो होतो. ते असू दे.

परवा शामू साडीवाला आला. पिशवीतून एक साडी काढली आणि माझ्या मांडीवर टाकली.

"आण्णा, ह्यो काठ कुणाचा?"

बघितल्याबरोबर मी म्हटलं, "माझा."

"मग निपाणीत कसा इणला गेला? तुमच्या सुनंनं इणलाय. लोक मागून मागून न्यायला लागल्यात."

"असंल."

"असंल काय, आण्णा! तुमी म्हाताऱ्यावानी बोलू नका."

"म्हाताराच हाय की रं मी."

शामूला हसू आलं नाही. तुझ्या साडीपुढं त्याच्या दुकानातला माल पडून राहतो, हे मला कळतं. रविवारी देवळात विणकरांचे पंच बसणार आहेत. "तुमी फकस्त उभं ऱ्हायचं आन् म्हणायचं, काठ माझा हाय, चोरलाय. मग बेळगावातला एक दुकानदार तिची साडी हातात घेणार न्हाय," असं तो म्हणाला. मी येतो म्हणून सांगितलंय. ऐकलंस? येतो म्हणून सांगितलंय.

आता तूच सांग, मी गप्प का बसू? तो माझा पानकाठ आहे. तू पान लांब केलंस, उलटं केलंस, देठ वर नेलास, म्हणून मला ओळखू येणार नाही असं वाटलं होय? निपाणीच्या रानात तंबाखूचं पान झुकतं तसं झुकवलंयस. पण शेवटचं पान अर्धं आहे! तिथंच सापडलीस. माझ्या मागावर नक्षी उठवणाऱ्या साखळीतली एक लाकडी खुंटी मोडली होती, म्हणून प्रत्येक फेऱ्यात शेवटचं पान अर्धं उठायचं. खुंटी बदलली तरी नीट बसली नाही. दुकानदार विचारायचे, "परशराम, पान अर्धं खाल्लंस व्हय?" मी खाली मान घालून भाव कमी करायचो. सगळी चांगली पानं नेली असतीस तर एक वेळ सोसलं असतं. माझी चूक कशाला नेलीस? जी गोष्ट मी आयुष्यभर लपवली ती तू काठावर मांडून विकतेस, आणि बायका म्हणे त्याच अर्ध्या पानासाठी साडी घेतात. शामूच सांगत होता, दात खात.

माझ्याकडं ते पान मोडल्यासारखं दिसायचं. तुझ्याकडं कुणीतरी आत्ताच खुडून नेल्यासारखं दिसतं. याचा मला जास्त राग आला.

शामू जाताना म्हणाला, "आण्णा, काठ तुमच्याच डोक्यातनं निघालेला न्हवं? पंच इचारतील." मी व्हय म्हटलं. रात्री माझे वडील आठवले.

तुला ठाऊक आहे, आमच्या आप्पांचा करवतकाठ होता. नुसते दात, एकाला लागून एक. माझं लग्न झालं तेव्हा तुझी सासू नागुबाई ती साडी नेसून म्हणाली, "अंगावर करवत घेतल्यागत वाटतंय." मी दाताची टोकं वाकवली, पोट फुगवलं, झालं विड्याचं पान. आप्पा एवढे भडकले की गल्ली गोळा झाली. "माझ्या करवतीचे दात पाडलंस रं भाड्या! आता म्हातारीगत चघळत बस!" आणि आप्पांनी तरी ते दात कुठून आणले? येळ्ळूरच्या जत्रेत एका बाईच्या लुगड्यावर बघून आले होते. तिच्या मागं मागं फिरले म्हणून तिच्या नवऱ्यानं दोन ठेवून दिल्या होत्या, हे आई हसत हसत सांगायची.

पण माझी गोष्ट वेगळी. मी रीत पाळली. आपल्या घरात काठ बदलला की पहिली साडी मोठ्या माणसापुढं ठेवतात, पदराच्या दशांचे धागे मोकळे सोडून. मोठ्यानं त्या दशांना गाठी मारल्या तर काठ घरचा झाला. नाही मारल्या तर ती साडी कुणी नेसत नाही आणि तो काठ पुन्हा मागावर चढत नाही. आप्पांनी आठवडाभर माझ्याकडं पाहिलं नाही. मग एका सकाळी न बोलता साडी ओढून घेतली आणि गाठी मारायला बसले.

तू विचारलंस का मला? ठेवलीस का साडी माझ्यापुढं?

एवढं लिहून मी थांबलो होतो. मघाशी मंगलला माळ्यावर चढवलं. गुडघ्यामुळं मला चढता येत नाही. दिवाळीत तुझं पार्सल आलं होतं. कपडे असतील, म्हाताऱ्याला दया म्हणून पाठवलं असेल, असं समजून मी ते तसंच वर टाकून दिलं. दोरी तरी किती घट्ट बांधलीस! मंगलनं दातानं तोडली.

साडी त्याच काठाची. दशा मोकळ्या.

अगं, एक चिठ्ठी घालायला काय झालं होतं तुला? दोन ओळी? 'मामा, पहिली साडी आहे' एवढं लिहिलं असतंस तर? की मला कळेलच, असं वाटलं? आणि मी पोच दिली नाही तर दिवाळीपासून आजपर्यंत तू काय समजून बसलीस? मी नाही म्हटलं असं समजून विणत राहिलीस? मग एवढं धाडस आलं कुठून? मंगल शेजारी उभी राहून म्हणते, "आण्णा, तुमी कुणावर वरडालाय?"

साडी खिडकीशी धरून सबंध बघितली. काठ पदराला मिळतो तिथं पानं एकमेकांकडं पाठ करून उभी आहेत, भांडल्यासारखी. ते चुकलंय. तिथं एक अर्धं पान घातलंस तर वळण मिळेल. होय, अर्धंच. मी जमिनीवर खडूनं काढून बघितलं.

गाठी मारायला बसलो होतो. पण पदर एका बाजूनं कुणीतरी ताणून धरल्याशिवाय गाठी सारख्या बसत नाहीत. आप्पांनी गाठी मारल्या तेव्हा दुसरं टोक नागुबाईनं धरलं होतं. आता घरात कोण आहे? मंगलला धरायला सांगितलं तर ती म्हणाली, "हे माझं काम न्हाय, आण्णा. जिची साडी तिला बोलवा."

म्हणून लिहितोय. रविवारी ही साडी घेऊन मला पंचांपुढं उभं राहावं लागेल. दशा मोकळ्या असल्या तर मी काहीही बोललो तरी आपल्या गल्लीतलं लहान पोरसुद्धा समजेल की म्हाताऱ्याला काठ मान्य नाही. आणि मग शामूला जे हवं तेच होईल.

हे पत्र भरमाच्या हाती देतो, तो निपाणीच्या गाडीवर कंडक्टर आहे. पोस्टाचा मला भरवसा नाही. शनिवारी सकाळच्या गाडीनं ये. घरी राहू नकोस हवं तर, टोक धर आणि जा. यायला जमत नसेल तर तसं भरमाकडं सांग. मी दार लावून घेत नाही, निरोप येईपर्यंत उंबऱ्यातच बसतो. लवकर कळव गं.

तुझ्यावर अजून रागावलेला,
तुझा मामा
परशराम