पौषातली शिट्टी

आबा, थंडी पडायला लागली की मला तुमच्याशी भांडावंसं वाटतं. किती वर्षं झाली तुम्हाला जाऊन! तुमच्या वयाच्या पुढं निघून गेलो मी. गुडघे तुमच्यासारखेच कुरकुरतात, आणि घरातली माणसं तुम्हाला बजावायची तसंच मलाही बजावतात, वारं सुटलंय, बाहेर पडू नका. पण पौष लागला की माझा जीव घरात थांबत नाही, आणि भांडायला समोर तुम्ही नसता. म्हणून आज ऊन अंगावर घेत कागद पुढ्यात ओढलाय. तुमच्या फाटकाच्या जागी आता पूल झालाय, कोळशाची इंजिनं कधीच मोडीत गेली, आणि तुम्हाला सांगायची एक गोष्ट मात्र माझ्यापाशी तशीच पडून आहे.

तुमचं ते आगगाडीचं खूळ! पहिल्या लढाईत पलटणीबरोबर बसऱ्याकडं गेलात, तिथं रूळ टाकायच्या कामाला लागलात, आणि परत आलात ते हे खूळ बरोबर घेऊनच. घरचा ऊस होता, बैल होते, मी, तुमचा पोरगा, सर्व्हिस मोटारीवर ड्रायव्हर होतो, पण तुमचा सगळा जीव रुळांवर. बाजारच्या दिवशी तुम्ही, रहिमतपूरचे शिंपीकाका आणि फाटकवाला, तिघं सातारा रोडच्या स्टेशनाअलीकडं फाटकाजवळच्या मोरीवर जाऊन बसायचात. गाडी दिसायच्या आधीच तुमची जुंपायची. "आज इंजिन नवं हाय." "कुठलं नवं! जुन्याचंच नळकांडं घासलंय." चौथे सांगलीचे काका, खुद्द इंजिन चालवणारे. ते स्टेशनावर गाडी उभी असताना खाली उतरून तुमच्याकडून तंबाखूची चिमूट घ्यायचे, तेव्हा तुमच्या चेहऱ्यावर जे यायचं ते माझ्या लग्नातही आलं नव्हतं. हे मी तुम्हाला तेव्हाही सुनावलं होतं. तुम्ही हसलात आणि म्हणालात, "लग्न काय, कुनाचंबी हुतं."

वाढदिवस करायची रीत तुमच्यात सांगलीच्या काकांनीच आणली. शेतकऱ्याच्या घरात कुणी वाढदिवस करतं होय? तुमचा जन्म कधीचा हे तुमच्या आईलासुद्धा सांगता यायचं नाही. शेकोटी पेटलेली होती आणि चांदणं टिपूर होतं, एवढंच तिच्या ध्यानात. त्यावरून तुमच्या दोस्तांनी तुम्हाला पौषातली पुनव देऊन टाकली. ज्याचा वाढदिवस त्यानं फाटकावर उभं राहायचं. सांगलीचे काका पाळी बदलून घेऊन त्या दिवशी हमखास इंजिनवर असायचे, आणि फाटक आलं की एक लांब आणि दोन तोकड्या शिट्ट्या द्यायचे. खालच्यानं पांढरं फडकं हलवून त्याला जबाब द्यायचा. झाला वाढदिवस. तुम्ही तर टॉवेल फडकावत "आलोय रं गड्या!" अशी आरोळी ठोकायचात. त्या धडधडाटात इंजिनवर काय डोंबल ऐकू जाणार होतं! पण तुम्ही ओरडायचातच.

घरी आल्यावर मी तुमच्या पाया पडायचो. म्हणजे वाढदिवस तुमचा, आणि "औक्षवंत हो" म्हणायचं तुम्ही, मला. थोरल्या माणसाला आयुष्य चिंतायची आपल्यात रीतच नाही, ते बरोबरीच्यांनी करायचं. त्या शिट्टीचं तुम्हाला एवढं का होतं हे मला फार उशिरा समजलं. तेव्हा वाटायचं, म्हातारा पोरकटपणा करतोय.

त्या हिवाळ्यात तुमचा खोकला हटेना, म्हणून दवापाण्यासाठी मी तुम्हाला साताऱ्याला आमच्याकडं आणलं होतं. दुसरी लढाई चाललेली. पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून मालकानं मोटारीच्या मागं कोळशाचा गॅस प्लँट बसवला होता. अंघोळीच्या बंबासारखं ते धूड. त्यात लोणारी कोळसा भरायचा, पेटवायचा, पंख्याचं हँडल मारून मारून दंड भरून यायचे, तेव्हा कुठं गॅस धरायचा आणि मोटार खोकत खोकत चालायला लागायची. उन्हाळ्यात एक वेळ ठीक, पण थंडीत कोळसा दमट, हात बधिर, आणि आतली माणसं "निघा की राव" म्हणून कावलेली. चढ आला की त्याच माणसांना खाली उतरवून ढकलायला लावायचं. तुम्ही आत बसून मजेत म्हणायचात, "आगगाडीला कवा ढकलावं लागतं का रं?" मी जळफळायचो.

पुनवेच्या सकाळी तुम्ही माझ्या पहिल्या खेपेला तयार होऊन बसला होतात. कोट, पटका, खांद्यावर पांढरा टॉवेल. तुमच्या सुनेनं तुमच्यासाठी मफलर विणला होता, वाढदिवसाचा म्हणून. लढाईत लोकर मिळायची मारामार, मिळाली ती लाल. तुम्ही मफलर हातात घेतलात, तिच्याकडं बघून "लय झ्याक इणलाय" म्हणालात, आणि मला बाजूला घेऊन हळूच सांगितलंत, "रुळाजवळ लाल न्यायचं नसतं, बाबा."

"आवं आबा, गळ्यात घालायचाय. बावटा न्हाई करायचा त्याचा."

"तरीबी."

"खोकून जीव चाललाय, आन् म्हणं तरीबी!" असं म्हणत मीच तो तुमच्या गळ्याला गुंडाळला. तिच्या देखत तुम्हाला नाही म्हणता येईना.

कोरेगावच्या पुढं गॅस बसला, मोटार थांबली. मी उतरलो, टाकीचं झाकण तापून लाल झालेलं, आणि हाताशी चिंधी नाही. तुमच्या खांद्यावरचा टॉवेल ओढला, त्यानं झाकण धरलं, सळीनं कोळसा खालीवर केला. टॉवेल जळला, तो तिथंच फेकून दिला. तुम्ही खिडकीतून बघत होतात. तुमची सगळी नजर रस्त्यापलीकडं, धूर दिसतोय का तिकडं. "सापडंल न्हवं रं गाडी?" एवढंच विचारलंत, आणि ते अशा आवाजात की मी हँडल दुप्पट जोरानं मारलं.

आणि सापडली की, आबा! फाटकवाला फाटक ओढत होता तेवढ्यात आपण पोचलो. तुम्ही मोटार पुरती थांबायच्या आत खाली उतरलात. मी स्टिअरिंगवरून बघतोय. वारं असं की डोळ्यांतून पाणी येतंय. वळणावर इंजिन दिसतं, मग शिट्टी येते, एक लांब, दोन तोकड्या. तुमचा हात खांद्यावर जातो. टॉवेल नाही. हात इकडं चाचपतो, तिकडं चाचपतो, शिट्टी तर होऊन गेलेली, जबाब द्यायचा राहिलाय. आणि तुम्ही, जन्मभर रुळाकाठी लाल चिंधी दिसली तरी उचलून खिशात घालणारे तुम्ही, गळ्यातला मफलर उपसता आणि डोक्यावर धरून फडकावता. "आलोय रं गड्या!"

लाल दिसल्यावर इंजिनवाल्याचा हात विचार करत नाही. गाडी करकरत थांबली. तुमचा हात वरच राहिला होता. मग तुम्ही मफलराकडं बघितलंत, आणि हात खाली आणलात.

ते दिवस कसले होते तुम्हाला ठाऊकच आहे. आपल्या भागातली भूमिगत पोरं तारा तोडत होती, रूळ उखडत होती, म्हणून गाडीबरोबर बंदूकवाले पोलीस असायचे. गार्ड आणि दोन शिपाई मागून पळत यायला लागले. मी झेप घेतली, तुमच्या हातातला मफलर हिसकला आणि कोळशाच्या पोत्यात कोंबला. तेवढ्यात सांगलीचे काका इंजिनवरून उतरले. सरळ तुमच्याकडं आले आणि शिपायांना ऐकू जाईल अशा आवाजात कडाडले, "ए म्हाताऱ्या! लाइनीवर मरायला आलास का? हट तिकडं! कोण कुठला, चालता हो!" मग गार्डकडं वळून म्हणाले, ब्रेकचा पाइप दगा देतोय, आपोआप लागला, मीच बघतो. डब्याखाली वाकून हातोडीनं चार ठोके घातले, वर चढले आणि गाडी घेऊन गेले. तुमच्याकडं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

परतीच्या वाटेवर तुम्ही एकच वाक्य बोललात. "त्यानं मला वळख दिली न्हाई."

आणि मी काय बोललो? "बघा तुमचा दोस्त! वेळ आल्यावर कसा उलटला." माझ्या जिभेला हाड नव्हतं. घरी आल्यावर पाया पडलो, तुम्ही पाठीवर हात ठेवलात, पण औक्षवंत हो म्हणायचं तुमच्या ध्यानात राहिलं नाही.

त्यानंतर तुम्ही फाटकावर पाऊल ठेवलं नाहीत. शिंपीकाका दोनदा बोलवायला आले, दोन्ही वेळा खोकला पुढं केलात. सांगलीच्या काकांना इंजिनवरून उतरवलंय, मिरजेच्या यार्डात डबे ढकलायला घातलंय, हेही त्यांनीच सांगितलं. ते ऐकून तुम्ही भिंतीकडं तोंड करून निजलात. मग पाऊसकाळ सरता सरता एक दिवस मला म्हणालात, "त्याचा वाढदिवस मार्गशीर्षात असतो. मला सांगलीला न्हेशील का? तुझ्या मोटारीनं."

"मोटारीनं? आन् आगगाडी काय झाली?"

"तिच्यात बसायला तोंड न्हाई मला."

मी हसलो, आबा. आता बरी मोटार आठवली, म्हणालो. एवढ्या लांब कोळशावर मोटार जायची कशी, मालक द्यायचा कशी, बघू, म्हणालो. ते "बघू" माझ्या उरावर बसलंय. कार्तिकात तुम्ही गेलात.

मार्गशीर्षात मीच गेलो, आगगाडीनं. तिच्यात मी पाय ठेवला तो तेव्हा पहिल्यांदा. बरोबर आपल्या गुऱ्हाळाचा गूळ होता. तुमच्या वतीनं माफी मागायची, आणि तुम्ही गेल्याचं सांगायचं, असं मनाशी घोकत सांगलीत त्यांचं घर हुडकून काढलं. तर काका पाटावर बसलेले, काकू निरांजन घेऊन ओवाळतायत. मला बघताच पाटावरूनच ओरडले, "आलास व्हय रं! आन् म्हातारा कुठाय? रुसलाय का अजून?"

ओवाळलेल्या माणसाला कसं सांगू? मी गूळ पुढं ठेवला आणि म्हणालो, थंडी बाधते त्यांना, म्हणून मला पाठवलंय. उदंड आयुष्य चिंतलंय तुम्हाला.

मग त्यांनी सांगितलं. तुमचा पटका त्यांनी लांबूनच ओळखला होता, पण हात ब्रेकवर गेला तो गेलाच. खाली उतरताना पाठीमागून बंदुका पळत येताना दिसल्या. "ह्यो माझा दोस्त हाय असं म्हणलो असतो, तर त्याला बेड्या घातल्या असत्या, आन् कटातला म्हणून मलाबी. म्हणून शिव्या घातल्या. त्याला समजलं असंल की! रुळावरचा माणूस हाय." पाइपात दोष काही निघाला नाही, म्हणून काकांना यार्डात घातलं. त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं. मी मान खाली घालून चहा पीत होतो. नाही समजलं हो त्यांना, असं ओठावर आलेलं मी चहाबरोबर गिळलं.

मग त्यांनी माझ्याकडं निरखून पाहिलं. "मिशी कुठं गेली रं तुजी?"

पटका मी घरात शिरल्यापासून काढलाच नव्हता, पण मिशीचं काय करणार? महिन्याभरात नुसते खुंट उगवले होते. "गॅसच्या टाकीचा भडका आला," म्हणालो. "जळली."

काकांनी पुढ्यातला गूळ दोन्ही हातांनी उचलून कपाळाला लावला. काकूंना म्हणाले, ह्याला जेवल्याशिवाय सोडू नको. निघताना दारापर्यंत आले आणि माझा हात धरून म्हणाले, "पौषापासनं मी परत लाइनीवर हाय. त्याला सांग, पुनवंला फाटकावर ये. पांढरं फडकं आन म्हणावं. लाल आनलंस तर उतरून चोप दीन."

हा निरोप तुमचा, आबा. पोचवायचा राहिला तो हा. त्यांनी तुम्हाला लांबूनच ओळखलं होतं. ओळख दिली नाही ती तुम्हाला वाचवायला.

पुनवेला मी तुमचा कोट चढवला, तुमचा पटका बांधला आणि नवा पांढरा टॉवेल घेऊन फाटकावर उभा राहिलो. फाटकवाल्यानं मला तुमच्या कोटात पाहून तोंड फिरवलं. वळणावर इंजिन आलं. शिट्टी झाली, एक लांब, दोन तोकड्या, तुमचीच. मी टॉवेल हलवला. काका बाहेर वाकले होते, आणि त्या बोचऱ्या वाऱ्यात त्यांनी डोईची टोपी काढून हातात धरली होती. तेव्हा मला समजलं की मिशीवरूनच त्यांनी सगळं ओळखलं होतं. तरीही त्यांनी तुमचा वाढदिवस चुकवला नाही. आणि माझ्या तोंडून, मला कळायच्या आत, तुमची आरोळी बाहेर पडली.

काका लाइनीवर होते तोवर दर पौषात ते शिट्टी देत राहिले आणि मी तुमचा कोट घालून जात राहिलो. त्याबद्दल आम्ही दोघं एकमेकांशी कधी एक अक्षर बोललो नाही. आगगाडीचं मला काही कौतुक नाही, असं मी घरात आजही सांगतो. त्या सकाळी कुठं निघालात म्हणून तुमची सून विचारायची, तेव्हा सांगायचो, कोळसा आणायला.