भंतेजींच्या सहीचा दाखला

लातूर,
६ जानेवारी २०२५

ती. धम्मप्रियाताईंना लुंबिनीचा सप्रेम जयभीम, वि. वि.

फोनवर मला नुसतं रडू येतं, म्हणून कागदांच्या पाकिटातच हे पत्र घालून एस.टी.ने पाठवते आहे. मस्कतहून कंपनीचा निरोप आला. तुमचे भाऊ अजून कुणाला ओळखत नाहीत. बांधकामाच्या परांचीवरून पडले तेव्हा डोक्याला मार बसला तो बसलाच, आता ताप चढतो आहे. कंपनी त्यांना घरी पाठवायला तयार आहे, सोबत त्यांचा मित्र सुदर्शन येईल. पण त्यासाठी जवळच्या नातेवाइकाची लेखी परवानगी हवी, आणि नात्याच्या दाखल्यावर आधी मंत्रालयाचा, मग दिल्लीचा शिक्का हवा.

मी उमरीच्या विहारातला आमच्या लग्नाचा दाखला नेला. शिक्क्यांची कामं करणारे इथले अमृतराव म्हणाले की भंतेजींची सही चालत नाही, सरकारी नोंदणी लागते. ती आता करायची तर नवरा समोर उभा पाहिजे. आपल्यात सगळ्यांनी विहाराचा दाखलाच पुरेसा मानला, पुढे कचेरीत जायचं कुणाला सुचलंच नाही. ताई, मी काय करू? नांदेडात कुणी ओळखीचं असेल तर त्याच्या पाया पडा.

लोभ आहेच, या दिवसांत जरा जास्त असू द्या.

तुमची,
लुंबिनी

नांदेड,
९ जानेवारी २०२५

चि. सौ. लुंबिनीस अनेक आशीर्वाद.

पाकिटावर माझं नाव आणि नांदेड, एवढंच लिहिलंस. मी काय कलेक्टर आहे? कंडक्टर ओळखीचा निघाला म्हणून मिळालं. वेळेवर जेवत जा.

वकिलांना भेटले. एक वाट आहे. नागसेनच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव आहे आणि पासपोर्ट लग्नाआधीचा, त्यावर बायकोचं नाव नाही. आईने परवानगी दिली तर शिक्के लवकर होतील. पण मुलगा विवाहित लिहिला की बायकोचा सरकारी दाखला मागतात. म्हणून अविवाहित लिहा म्हणतात.

आई तर वकिलावरच उखडली. म्हणाली की माझी सून जित्ती हाय, असल्या कागदावर मी अंगठा देणार न्हाई. तेव्हापासून ती धड जेवतही नाही. तू म्हणशील तसं करू.

राग धर, पण माया सोडू नकोस.

तुझी,
ताई

लातूर,
११ जानेवारी २०२५

ती. ताईंना जयभीम, वि. वि.

राग आला, खोटं कशाला सांगू. वकिलांचा आला, तुमचा आला, भंतेजींचाही आला. मग काल कंपनीचा निरोप आला की आणायचं असेल तर आत्ताच आणा, पुढे प्रवास झेपणार नाही. त्यानंतर राग कुठे गेला कळलं नाही.

अविवाहित लिहा. आईंना म्हणावं, सूनच सांगते आहे. स्वयंपाकात कधी माझं ऐकलं नाही, आता एकदा ऐका. ते घरी येऊ देत. मला ओळखलं नाही तरी मी शेजारी बसून राहीन.

कागदात लिहिलंय ते खरं का, या चौकशीला पोलीस आईंच्या घरी येतात म्हणे. त्या दिवशी मी येणार नाही. पुढच्या खोलीतला आमचा लग्नाचा फोटो तेवढा उतरवून ठेवा.

तुमची माया राहू द्यावी.

लुंबिनी