दवाखान्याच्या साइटचं कुलूप

दादा,

उठलास की आधी हे वाच. मी बाबांबरोबर गेले आहे.

बाबांच्या दवाखान्याच्या साइटवर पेशंटचं लॉगिन होत नव्हतं, तेव्हा सोमवारी पाच मिनिटांत "झालं दुरुस्त" म्हणून तू मोकळा झालास. तू पासवर्डची तपासणीच काढून टाकली होतीस! चार दिवस सगळ्यांचे रिपोर्ट उघड्यावर होते. शिलाईवाल्या ताईंच्या गाठीचा रिपोर्ट त्यांच्या जावेने मोबाइलवर वाचला, ताईंनी घरात कुणाला काही सांगायच्या आधी. आज सकाळी ताई दवाखान्यात येऊन रडल्या. बाबा माझ्याकडे बघत राहिले, कारण "सर्व्हर छोटी सांभाळते" असं तूच त्यांना सांगितलंयस.

मूळ दोष कोडमधल्या एका ओळीचा होता. पुढचा सर्व्हर पासवर्ड तपासायचा, पण आत कोण आलंय ते मागच्या प्रोग्रॅमला कळवायचाच नाही, म्हणून तो पुन्हा पुन्हा पासवर्ड मागायचा. ती ओळ मी घातली आणि तपासणी परत लावली. तुझं लॉगिन बंद केलंय. नवं मागू नकोस.

आम्ही ताईंच्या घरी माफी मागायला चाललोय. बाबा हात जोडतील, काही चूक नसताना. तपासणी काढल्याची नोंद सर्व्हरच्या लॉगमध्ये तुझ्या नावावर आहे, आणि त्या नोंदीचा छापलेला कागद माझ्या पर्समध्ये आहे. दुपारी चारपर्यंत तिथे ये आणि स्वतःच्या तोंडाने सांग. नाही आलास तर कागद बाबांच्या हातात देईन, आणि मग मला बहीण म्हणू नकोस.

छोटी