गुलाबी पाण्याची खोटी वही

मी, धम्मपाल चंपत नंदेश्वर, वय सत्तावन्न, राहणार वैशाली नगर, भिलाई, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, म्हणूनच भीती वाटते.

१. राहते घर पत्नी हिरा हिला. बँकेतली ठेव मुलगी रीना हिला. बुद्धमूर्ती आणि माझी पुस्तके मुलगा अमरदीप याला. ती वाचावी, नुसती पुसू नयेत.

२. पाणी तपासायचे किट कारखान्यात माझ्या जागी येईल त्याला द्यावे. दोन वर्षे मी ते उघडले नाही, हेही सांगावे. भट्टी थंड ठेवणारे पाणी बंद नळांतून तेच ते फिरत असते. नळ गंजू नयेत म्हणून त्यात औषध टाकतात, आणि ओळखीसाठी औषधाला गुलाबी रंग असतो. आम्ही बाटली उजेडात धरून रंग बघायचो आणि वहीत कालचाच आकडा उतरवायचो. मी तर त्यात उस्ताद. मंगळवारी एका सांध्यातून तांबूस थेंब गळताना दिसला, म्हणून किट उघडले. औषध शून्य. जंतूंनी ते कधीच खाऊन टाकले होते, रंग तेवढा उरला होता.

३. मॅनेजरसाहेब म्हणाले, शटडाऊनमध्ये बघू. त्यांनी माझ्या अंत्ययात्रेला येऊ नये. पण मीही गप्प बसलो, कारण खोटे आकडे माझ्याच हातचे. सांधा फुटून पाणी वितळलेल्या लोखंडाखाली शिरले तर स्फोट होतो. अमरदीपची ड्युटी तिथेच असते.

४. आज सकाळी तो डबा घेऊन निघाला, तेव्हा मी दार अडवले.

"कावून, बाबा?"

सगळे सांगितले. त्याने डबा खाली ठेवला. मग म्हणाला, "मी नाही गेलो तर तिथं विक्की उभा राहीन. त्याले काय सांगू?"

विक्की शेजारच्या शेषरावांचा मुलगा, आत्ता ड्युटीवर आहे; बदली आला नाही तर त्यालाच थांबावे लागते. मला फक्त माझाच मुलगा दिसला, याची लाज वाटते. अमरदीप सगळ्यांना भट्टीवरून उतरवायला गेला आहे. मी त्याला थांबवू शकलो नाही.

५. म्हणून हे मृत्युपत्र माझ्या मरणाची वाट न बघता आजच वाचावे. सह्या होताच मी एक प्रत घेऊन दुर्गला कारखाना निरीक्षकांकडे जात आहे. साक्षीदारांनी मजकूर वाचूनच सही करावी.

भिलाई, शुक्रवार, १४ जून २०२४
धम्मपाल चंपत नंदेश्वर

साक्षीदार:
१. रूपेश गजभिये, शिक्षक. वाचले.
२. शेषराव मेश्राम, शेजारी. वाचलं. विक्की घरी येऊ दे, मंग बोलतो तुमच्याशी.