पेटीऐवजी मी

पिएन्दामोच्या अलीकडे, थांबलेल्या बसमधून
गुरुवार, १२ मे

प्रिय इनेस,

शाळेत तू मुख्याध्यापिका, म्हणून तुला 'मदर' म्हणावं लागतं. इथे रस्त्यावर धाकटी बहीण म्हणून हाक मारायची मुभा घेते. तुझा गुडघा कसा आहे? आईच्या गोळीवर नजर ठेव, ती जिभेखाली लपवते. मी सुखरूप बसले आहे. 'सुखरूप'पेक्षा 'बसले' हे अधिक खरं.

गावकऱ्यांनी झाडं आडवी टाकून महामार्ग अडवलाय. मंत्री येऊन बोलेपर्यंत चाक हलणार नाही म्हणतात. आमचा चालक दोन सीटांवर स्थितप्रज्ञ होऊन घोरतोय. शेजारी ओफेलियाबाई, तुझ्या पालकसभेच्या अध्यक्षा, जपमाळ ओढताहेत. "बाई, काली शहरात पुन्हा काय काढलंत?" असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, दाढ.

तुलाही दाढच सांगितली होती. दाढा माझ्या ठणठणीत आहेत.

सोमवारी काली शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी माझी बीजं आणि एवेरचं बीज अंगठ्याएवढ्या प्लॅस्टिकच्या कुपीत बंद केलं आणि ती कुपी माझ्याच शरीरात बसवली. मोठ्या दवाखान्यांत ही ऊब द्यायला विजेची महागडी पेटी असते. ती आम्हा नवराबायकोला परवडत नाही, म्हणून पेटीऐवजी मी. उद्या सकाळी तिथेच कुपी काढून उघडायची आणि जे फळलं असेल ते गर्भाशयात ठेवायचं. उशीर झाला तर आतलं पोषण संपतं. त्रेचाळिसाव्या वर्षी मला दुसरी कुपी कोण देणार?

दुपारी रंगीत फितींची काठी घेतलेली, रस्ता अडवणाऱ्या गावकऱ्यांची एक राखणदारीण बसमध्ये चढली. "आजारी, म्हातारे आणि गरोदर बायका, एवढेच पायी पलीकडे जातील. कोण आहे?"

पलीकडे एवेर गाडी घेऊन उभा आहे. मी उठले.

"गरोदर?"

"अजून नाही."

"अजून तर मीपण नाही!" ती म्हणाली आणि अख्खी बस हसली.

'हो' म्हटलं असतं तर सुटले असते. पण इनेस, मागच्या वेळी मी 'हो' म्हटलं होतं. त्या वेळच्या लोकरी टोप्या अजून कोऱ्याच कपाटात आहेत. सगळ्यात लहान, पिवळी, तू विणलेली. तो शब्द पुन्हा म्हणायचा नव्हता. 'नाही' म्हणावं, तर उद्याची सकाळ इथेच उजाडणार. सगर्भा नव्हे, अगर्भाही नव्हे. अशा प्राण्याची सोय त्यांच्या नियमात नव्हती. तुमच्या शाळेच्याही नाही.

मग खरं तेच सांगितलं. तेही ओरडून, कारण ती बाई एका कानाने कमी ऐकते.

"म्हणजे आत्ता? आत आहे?" ती काठीला टेकून बघत राहिली. ओफेलियाबाई, जणू माझा संसर्ग होईल अशा भीतीने, खिडकीला चिकटल्या. मागून एक म्हातारी खेकसली, "अगं, मग उभी काय राहिलीस! बस खाली! आणि तुम्ही, ओ जपमाळवाल्या, सरका जरा!"

राखणदारीण तिच्या पंचांना विचारायला गेली आहे. तोवर हे लिहिते. बस आता आपल्या पोपायानला माघारी वळणार आहे. पत्र चालकाकडे देते. ओफेलियाबाईही त्याच बसने येताहेत, तेव्हा आधी हे वाच, मग त्यांना दार उघड.

शाळेच्या करारात या उपचाराला मनाई आहे, हे मला ठाऊक आहे. खाली माझी सही आहे आणि तुझीही. येत्या सोमवारी तुला मला नोकरीवरून काढावं लागेल. मी भांडणार नाही. फक्त सातवीला माझ्या जागी त्या रडक्या सेलमीराला पाठवू नकोस, पोरी तिला खातील.

एकच मागणं आहे. मंगळवारी प्रार्थनेला तू माझ्या शेजारी उभी होतीस. डोळे मिटून म्हणालीस, "या छताखालच्या प्रत्येक जिवाला सांभाळ." कुपी तेव्हा माझ्यात होती. नोकरी काढून घे. ते वाक्य मागे घेऊ नकोस.

राखणदारीण आली. म्हणते, "चल बाई, हात धर माझा. पुढे खड्डे आहेत."

शाळेची नसले तरी तुझीच,
थोरली
मार्लेनी